खरबूज : पोषण, पारख आणि उपयोग

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार आणि मान्यवरांचे शुभसंदेश असावेत, ही प्रथा योग्यच आहे. तथापि ज्या शाळेत मुले केवळ शिकत नाहीत तर राहतात, जेवतात आणि वाढतात, त्या शाळेच्या स्मरणिकेत एखादे पान ताटासाठीही राखून ठेवले पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणून आम्ही येथे खरबुजाविषयी लिहीत आहोत. निवासी शाळेच्या दृष्टीने या फळाची वेळ अचूक आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस ते बाजारात येऊ लागते आणि मे महिन्यापर्यंत स्वस्त मिळते. नेमका हाच काळ परीक्षांचा, उन्हाचा आणि मुलांच्या मंदावलेल्या भुकेचा असतो.

भेटीच्या रविवारी पालक मुलांसाठी पिशवीतून फळे आणतात. या पिशव्यांत सफरचंदे हमखास असतात. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंद, पाहुण्याकडे जाताना सफरचंद, आणि मुलांची तब्येत सुधारावी म्हणूनही सफरचंदच. महाग ते पौष्टिक ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. पोटाला चिमटा काढून मुलांसाठी काही आणणाऱ्या आईबापांना ती सर्वांत महाग पडते. १०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते; तितक्याच नारिंगी गराच्या खरबुजात ते सुमारे ३६ मिलिग्रॅम असते. अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही. सफरचंद वाईट फळ आहे असे आम्ही म्हणत नाही. हातगाडीवर ढिगाने विकले जाणारे फळ कमी प्रतीचे असते, एवढा गैरसमज दूर व्हावा इतकेच म्हणणे आहे.

खरबूज हे काकडीचे सख्खे भावंड होय. शास्त्रीय नामकरणात काकडी आणि खरबूज ही दोन्ही कुकुमिस या एकाच प्रजातीत मोडतात. कलिंगड मात्र वेगळ्या प्रजातीचे आहे, जरी बाजारात ही दोन फळे शेजारी शेजारी बसतात. कोकण-गोव्यातील चिबूड, मराठवाड्यातील पिकांत आंतरपीक म्हणून येणारे वाळूक ही खरबुजाचीच गणगोत आहेत. विदर्भात याच फळाला डांगर म्हणतात, तर राज्याच्या अन्य काही भागांत डांगर म्हटले की लाल भोपळा डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे वेगवेगळ्या जिल्ह्यांतील मुले एका पंगतीत बसली की या शब्दावरून वाद रंगतो. इंग्रजीत त्याला कँटालूप म्हणतात. हे नाव इटलीत रोमजवळ असलेल्या कांतालूपो या गावावरून आले. गमतीचा भाग असा की, युरोपातील मूळ कँटालूपची साल जाळीदार नसते. आज जगभर ज्या जाळीदार फळाला अमेरिकेचे अनुकरण करून कँटालूप म्हणतात, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याहून निराळ्या गटातील खरबूज आहे.

खरबुजाची लागवड प्रथम कोठे झाली, याविषयी पूर्वी आफ्रिकेचे नाव घेतले जाई. अलीकडील जनुकीय अभ्यासांतून असे दिसते की, मानवाने हे फळ एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे लागवडीखाली आणले आणि त्यांत भारताचा वाटा मोठा आहे. असे असूनही आपल्या इतिहासग्रंथांत खरबूज येते ते बहुधा परदेशी माणसांच्या तक्रारीतून. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने ख्वारिझमच्या खरबुजांची अपार स्तुती केली आहे. तेथे फळाच्या फाका कापून उन्हात वाळवीत, वेताच्या करंड्यांत भरीत आणि त्या थेट हिंदुस्थान व चीनपर्यंत जात. दिल्लीत मुक्कामी असताना प्रवासी आल्याचे कळले की हा गृहस्थ या वाळल्या फाका विकत आणण्यासाठी माणूस पाठवीत असे. बाबराने हिंदुस्थानातील उणिवांची जी यादी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे, तीत चांगली द्राक्षे व चांगली खरबुजे येथे नाहीत याचाही उल्लेख आहे. १५२९ मध्ये ख्वाजा कलान यास लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, नुकतेच कोणी एक खरबूज आणले, ते कापून खाताना आपल्याला रडू आवरले नाही. पुढे आग्र्याच्या बागेत त्याने बल्खच्या जाणत्या माळ्याकडून खरबुजे लावून घेतली आणि ती आल्याचा आनंदही नोंदवून ठेवला. सतराव्या शतकात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्नियर लिहितो की, इराणहून बी आणून मोठ्या निगुतीने लावले तरच येथे चांगले खरबूज मिळते आणि ते बी एका वर्षातच बिघडते.

बर्नियरने त्याचा दोष जमिनीला दिला. आज आपल्याला त्याचे दुसरे कारण सुचते. खरबुजाच्या फुलांचे परागीभवन मधमाश्या करतात, आणि एकाच शिवारात वाळूक, फूट, रानटी वाण अशी सगळी भावकी फुललेली असेल तर बियांत संकर होणारच. त्या बियांतून पुढल्या वर्षी गोड फळाऐवजी फिक्या चवीचे काहीतरी उगवणे ओघानेच आले. घरी खाल्लेल्या उत्तम फळाच्या बिया परसात लावून निराश झालेल्या अनेकांना याचा अनुभव असेल. आजची बाजारातील बहुतेक फळे तर संकरित वाणांचीच आहेत.

इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस एक गोष्ट नेहमी खटकते. बादशहाने खरबूज खाल्ले, तो रडला, याची नोंद आहे. ते फळ ज्याने वाळूत वाकून पिकवले त्याची नोंद नाही. आपल्या महाराष्ट्रात हे फळ पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पिकवले ते भोई, ढिवर, केवट असे नदीवर जगणारे, बहुतांशी भूमिहीन लोक होत. पावसाळा सरून पूर ओसरला की वैनगंगा, वर्धा, गोदावरी अशा नद्यांच्या पात्रांत वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडत. सातबारा कोणाच्याच नावावर नसलेली ही जमीन. त्यात ओल लागेपर्यंत खड्डे वा चर खणायचे, शेणखत भरायचे, बी टोकायचे, वाऱ्यापासून आणि उडत्या वाळूपासून कोवळे वेल वाचवण्यासाठी गवताचा आडोसा उभारायचा आणि उन्हाळाभर तेथेच झोपडी घालून राहायचे. विदर्भात अशा मळ्याला डांगरवाडी म्हणतात. वरचा थर दिवसा तापलेला, मुळाशी ओलावा आणि रात्री गारवा, ही परिस्थिती खरबुजाला मानवते. फळात साखर भरते. जमीन नसलेल्या माणसाने निसर्गाच्या चार महिन्यांच्या सवलतीवर उभे केलेले हे शेतीशास्त्र होते, असे आम्ही म्हणू. वाळूचा बेसुमार उपसा आणि धरणांतून अवेळी सुटणारे पाणी यांमुळे डांगरवाड्या झपाट्याने कमी होत आहेत. आज आपल्या बाजारात येणारे बहुतेक खरबूज शेतात, गादीवाफ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन व ठिबक सिंचन वापरून पिकवलेले असते. या पद्धतीत पीक साधारण अडीच ते तीन महिन्यांत हाती येते. ज्यांच्यापाशी विहीर आणि भांडवल आहे त्यांच्यासाठी हे उत्तम पीक ठरले. ज्यांच्यापाशी फक्त नदी होती त्यांच्या हातून ते निसटले.

आता पोषणाकडे वळू. खरबुजाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ९० ग्रॅम पाणीच असते. उष्मांक अवघे ३४, साखर ८ ग्रॅमच्या आसपास, तंतू १ ग्रॅमहून किंचित कमी. प्रथिने व स्निग्ध पदार्थ नगण्य. म्हणजे या फळाने पोट भरत नाही आणि त्याकडून ती अपेक्षाही नसावी. त्याचे मोल तीन गोष्टींत आहे : क जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन आणि पोटॅशियम. २०० ग्रॅम गर, म्हणजे मध्यम वाडगाभर फोडी, खाल्ल्यास सुमारे ७० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज त्यातून जवळपास भागते. पोटॅशियम ५०० मिलिग्रॅमच्या वर जाते. बीटा-कॅरोटीन हे रंगद्रव्य शरीरात गेल्यावर अ जीवनसत्त्वात रूपांतरित होते. दृष्टी, त्वचा आणि रोगप्रतिकारशक्ती यांसाठी ते अत्यावश्यक आहे. या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रातांधळेपणा आपल्या देशात इतका पसरलेला होता की १९७० पासून शासनाला बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम राबवावा लागला.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. बीटा-कॅरोटीन म्हणजेच तो नारिंगी रंग. गर जितका गडद नारिंगी, तितके ते अधिक. हिरव्या वा पांढऱ्या गराची खरबुजे गोडीला सरस असू शकतात. पंजाबचे हरा मधु हे वाण हिरव्या गराचे असून गोडीसाठी नावाजलेले आहे, बंगळूरच्या संस्थेने काढलेले अर्का जीत पांढऱ्या गराचे असून क जीवनसत्त्वाने समृद्ध आहे. पण अ जीवनसत्त्वासाठी म्हणून फळ घ्यायचे असेल तर नारिंगी गराचेच घ्यावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा शरबती हे असे वाण आहे, आणि आपल्या बाजारातील जाळीदार संकरित फळे बहुधा नारिंगी गराचीच असतात. शिवाय कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतो. म्हणून उपाशीपोटी नुसते खरबूज खाण्यापेक्षा जेवणासोबत किंवा मूठभर शेंगदाण्यांसोबत ते खाणे अधिक हिताचे.

जेवणासोबत खाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि मुलींच्या वसतिगृहाने ते विशेष लक्षात घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. आपल्या मुलींच्या ताटात लोह येते ते बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतून. या वनस्पतिजन्य लोहाचा फार थोडा भाग शरीर स्वीकारते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले तर हे प्रमाण वाढते. खरबुजात स्वतःचे लोह जवळजवळ नाही. पण भाकरीतले आणि वरणातले लोह अंगी लागण्यास ते हातभार लावते. जेवणानंतरचा चहा मात्र नेमके उलटे काम करतो. रक्तक्षयाचे निदान झालेल्या मुलीला लोहाच्या गोळ्या द्याव्याच लागतील, फळाने ते काम भागणार नाही, हेही येथेच नमूद करतो.

उन्हाळ्यात खरबूज तहान भागवते, हे खरे. परंतु मुलाला जुलाब-उलट्या होत असतील किंवा ऊन लागले असेल तर शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते, आणि खरबुजात सोडियम फारच थोडे आहे. अशा वेळी क्षारसंजीवनीच द्यावी. मधुमेह असलेल्यांनी फोडी मोजून खाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना यातील पोटॅशियम बाधू शकते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नये. काहींच्या ओठांना व घशाला खरबुजाने खाज सुटते. ती अ‍ॅलर्जी असते, तेव्हा आग्रह करू नये.

फळाची पारख हा खरेदी करणाऱ्याच्या अभिमानाचा विषय असतो, तरी त्यामागे साधे शास्त्र आहे. आंबा वा केळे झाडावरून उतरवल्यावर त्यातील पिष्टाची साखर होते आणि ते आढीत गोड बनते. खरबुजात पिष्टाचा असा साठा नसतो. वेलावरून तोडताना जेवढी साखर असेल तेवढीच. घरी ठेवल्याने ते मऊ होईल, वास येईल, पण गोडी वाढणार नाही. म्हणून ‘कच्चे घेऊ, दोन दिवसांत पिकेल’ हा हिशेब येथे चुकतो.

तर मग वेलावर पिकलेले फळ कसे ओळखावे? जाळीदार खरबूज पक्व झाले की देठापासून आपोआप सुटते आणि तेथे स्वच्छ, किंचित खोलगट वाटोळी खूण राहते. देठाचा तुकडा चिकटून राहिला असेल किंवा खूण फाटल्यासारखी असेल तर फळ ओढून वा कापून, म्हणजे वेळेआधी काढले आहे असे समजावे. जाळी उठावदार व दाट असावी आणि जाळीच्या मधून दिसणारा सालीचा रंग हिरवा नसून पिवळसर बदामी असावा. सर्वांत भरवशाची परीक्षा नाकाची : देठाच्या विरुद्ध टोकाला, जेथे फूल होते तेथे, फळ नाकाशी धरावे. गोड दरवळ आला तर घ्यावे, काहीच वास नसेल तर ठेवून द्यावे, आणि आंबूस वास आला तर ते फळ उतरले. त्याच टोकाला अंगठ्याने हलके दाबल्यास किंचित लवचीकपणा जाणवावा. बोट रुतू नये. आकाराच्या मानाने जड फळ निवडावे. हलवल्यावर आत बिया व पाणी खळखळत असतील तर फळ अतिपक्व झालेले असते. टिचकी मारून आवाज ऐकण्याची रीत कलिंगडाची. खरबुजापुढे ती निरुपयोगी, तरी बाजारात अनेकजण मोठ्या गंभीर चेहऱ्याने टिचक्या मारताना दिसतात. तडा गेलेले, मऊ डाग पडलेले किंवा देठाच्या खुणेत बुरशी धरलेले फळ कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

वसतिगृहासाठी खरेदी करताना साल व बिया यांत साधारण निम्मे वजन जाते, हे धरून चालावे. १०० मुलांना प्रत्येकी २०० ग्रॅम गर द्यायचा तर २० नव्हे, सुमारे ४० किलो फळ लागेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे आम्हांस प्रामुख्याने वाटले, तिच्याकडे येतो. खरबुजाची साल आपण खात नाही, म्हणून ते धुवावे लागत नाही, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हे फळ जमिनीवर, माती व शेणखताच्या सान्निध्यात वाढते. सालीवरील जाळीच्या खाचांत माती आणि जिवाणू दडून बसतात. न धुतलेल्या फळातून सुरी आरपार गेली की सालीवरचे जिवाणू सरळ गरात जातात. लिंबू-संत्र्याचा आंबटपणा जिवाणूंना रोखतो. खरबुजात आम्लता फारच कमी असल्याने कापलेला गर उबेत ठेवला तर तेथे ते वेगाने वाढतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील एका शेतातून गेलेल्या खरबुजांमुळे लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली. २८ राज्यांत १४७ जण आजारी पडले आणि ३३ जणांचा मृत्यू झाला. तपासात आढळले की, फळे धुण्या-भरण्याच्या जागी जमिनीवर पाणी साचत होते आणि यंत्रे नीट स्वच्छ करता येण्यासारखी नव्हती. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातही अशाच प्रकारे ७ माणसे दगावली. ज्या देशांत शीतगृहे आणि तपासणीची यंत्रणा आहे तेथे हे घडले. एका भांड्यातले अन्न जेथे शेकडो मुले खातात, तेथे किती दक्ष राहिले पाहिजे हे निराळे सांगायला नको.

दक्षता मात्र मुळीच खर्चिक नाही. आधी हात साबणाने धुवावेत. फळ वाहत्या पाण्याखाली धरून केवळ त्यासाठीच राखलेल्या ब्रशने सर्व बाजूंनी घासावे, मग स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावे. फळाला साबण लावू नये. सुरी व पाट धुतलेले असावेत. त्याच पाटावर आधी अंडी किंवा मांस हाताळलेले नसावे. देठाकडील चकती कापून टाकावी. फोडी वाढण्याच्या अगदी आधी कराव्यात. शीतकपाटाबाहेर दोन तासांपेक्षा अधिक, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात एका तासापेक्षा अधिक, कापलेले खरबूज ठेवू नये. सकाळी कापून दुपारच्या जेवणाला वाढणे ही सोय स्वयंपाकघराची आहे, मुलांची नाही. रस्त्यावर बर्फाच्या लादीवर मांडलेल्या फोडी मुलांना घेऊन देऊ नयेत, हे पालकांनाही विनवतो.

खरबुजावरील बुरशीची एक कथा मात्र मुलांना अवश्य सांगावी. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन पुरेशा प्रमाणात बनवता येत नव्हते, कारण फ्लेमिंगला सापडलेली बुरशी ते फार थोडे देई. अधिक देणाऱ्या बुरशीचा शोध चालू असताना १९४३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया या शहराच्या बाजारातून आणलेल्या एका नासक्या खरबुजावर ती सापडली. पुढे पेनिसिलिनच्या कारखानदारीसाठी वापरली गेलेली वाणे त्या एका फळावरील बुरशीपासून तयार झाली. यावरून बुरशी आलेले फळ औषधी असते असा निष्कर्ष कोणी काढू नये!

उपयोगांविषयी फार सांगण्याचे कारण नाही. नुसत्या फोडी हाच उत्तम प्रकार. किंचित मीठ व जिरेपूड भुरभुरल्यास चव खुलते. साखर घालून ज्यूस करण्यात तंतू वाया जातात आणि नको तेवढी साखर पोटात जाते. कोकणात व गोव्यात चिबडाच्या फोडी नारळाच्या रसात गूळ घालून खातात. हा पदार्थ खरबुजाचाही छान होतो आणि कॅरोटीनला हवा असलेला स्निग्धांश त्यात आपोआप येतो. दुधाबरोबर खरबूज खाल्ल्यास विष होते, असे सांगितले जाते. विष वगैरे काही होत नाही. कापलेले फळ आणि दूध ही दोन्ही उष्म्यात लवकर नासतात. ती एकत्र करून तासन्‌तास ठेवल्यास पोट बिघडेल. ज्यांना ते मिश्रण पचत नाही त्यांनी टाळावे.

साल गुरांना घालता येते. बिया मात्र फेकू नयेत. खरबूज, कलिंगड, काकडी व भोपळा यांच्या सोललेल्या बियांनाच बाजारात चार मगज म्हणतात आणि मिठाईवाले व भटारखान्यांचे आचारी त्यासाठी चांगली किंमत मोजतात. या मगजात साधारण तिसरा हिस्सा प्रथिने आणि त्याहून थोडे अधिक तेल असते. गरात जे नाही ते बियांत आहे. बिया गराच्या तंतूंसह पाण्यात चोळून घ्याव्यात; भरलेल्या बिया तळाशी बसतात, पोचट वर तरंगतात. त्या दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात ठेवाव्यात. सोलण्याचे काम किचकट आहे. शंभर मुलांच्या स्वयंपाकघरात त्याला वेळ मिळणे कठीण. अशा वेळी न सोलता मंद आचेवर खमंग भाजाव्यात आणि तीळ, जवस व लसूण यांच्यासोबत बारीक कुटून कोरडी चटणी करावी. ती भाकरीबरोबर चांगली लागते आणि पावसाळ्यापर्यंत पुरते.